कृष्णवर्णीय मध्यम व्यवस्थापकांचे कार्यसमाधान : अमेरिकेतील अनुभवाचा अभ्यास

घटक ६

६.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस –

• कार्यसमाधान ही संकल्पना व तिचे प्रमुख घटक सांगता येतील.
• अमेरिकेतील खाजगी उद्योगांत कृष्णवर्णीय व्यवस्थापकांचा प्रवेश कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत झाला, हे स्पष्ट करता येईल.
• मध्यम स्तरावरील कृष्णवर्णीय व्यवस्थापकांना कामातून समाधान कशामुळे मिळते व कशामुळे मिळत नाही, याचे विवेचन करता येईल.
• प्रेरणाविषयक रूढ सिद्धान्तांच्या मर्यादा या अनुभवाच्या आधारे तपासता येतील.
• हा अनुभव भारतीय परिस्थितीशी ताडून पाहताना कोणती दक्षता घ्यावी, हे सांगता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यप्रेरणेच्या प्रमुख सिद्धान्तांचा परिचय करून घेतला. ते सिद्धान्त वाचताना 'कामगार' किंवा 'व्यवस्थापक' म्हणजे कोणीही एक माणूस, असे गृहीत धरलेले होते. त्याला जात नव्हती, वर्ण नव्हता, इतिहास नव्हता. प्रत्यक्षात मात्र माणूस आपला इतिहास घेऊनच कामावर येतो. त्याच्याकडे पाहणारे सहकारी आणि वरिष्ठही आपापला इतिहास घेऊनच आलेले असतात. मग समाधानाचे जे नियम 'कोणत्याही' माणसासाठी मांडले गेले, ते प्रत्येक माणसाला सारखेच लागू पडतात काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत घटकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय मध्यम व्यवस्थापकांचे उदाहरण घेतले आहे. त्यांची निवड करण्याचे कारण असे की, या वर्गाकडे बाहेरून पाहिले असता तक्रारीला जागा दिसत नाही. चांगले शिक्षण, चांगला पगार, स्वतंत्र खोली आणि हाताखाली माणसे, हे सारे त्यांच्याकडे असते. तरीही गेल्या पन्नास वर्षांतील अभ्यासांतून या वर्गाची एक विशिष्ट प्रकारची अस्वस्थता वारंवार नोंदवली गेली आहे. ती अस्वस्थता समजून घेतली की समाधान म्हणजे काय, हेही अधिक नेमकेपणाने कळते.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. म्हणून हा घटक वाचताना स्वतःच्या कार्यालयाकडेही अधूनमधून पाहावे, अशी अपेक्षा आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ कार्यसमाधान : संकल्पना व घटक

स्वतःच्या कामाचे व कामातील अनुभवांचे मूल्यमापन केल्यावर व्यक्तीच्या मनात जी सुखद भावावस्था निर्माण होते, तिला कार्यसमाधान म्हणतात. एडविन लॉक यांनी १९७६ मध्ये केलेल्या व्याख्येचा आशय असा आहे. या व्याख्येत 'मूल्यमापन' हा शब्द महत्त्वाचा आहे. समाधान हे केवळ परिस्थितीवर अवलंबून नसते. मिळालेले आणि मिळावयास हवे होते ते, यांची तुलना माणूस मनात करीत असतो आणि त्या तुलनेतून समाधान वा असमाधान उत्पन्न होते.

कार्यसमाधान मोजण्यासाठी १९६९ पासून वापरात असलेल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत पाच बाजू वेगवेगळ्या विचारल्या जातात : प्रत्यक्ष काम, वेतन, बढतीची संधी, वरिष्ठांची देखरेख आणि सहकारी. एखादी व्यक्ती वेतनाबाबत समाधानी आणि बढतीबाबत असमाधानी असू शकते. म्हणून 'तुम्ही नोकरीत सुखी आहात काय?' या एका प्रश्नाचे उत्तर फारसे काही सांगत नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये द्विघटक सिद्धान्त मांडला, हे आपण पाहिले आहे. यश, मान्यता, प्रत्यक्ष काम, जबाबदारी आणि प्रगती हे 'प्रेरक घटक' समाधान देतात. संस्थेचे धोरण, देखरेख, वेतन, परस्परसंबंध आणि कामाची भौतिक परिस्थिती हे 'आरोग्य घटक' होत. ते बिघडले तर असमाधान येते, पण ते चांगले असल्याने समाधान येतेच असे नाही. ही विभागणी लक्षात ठेवावी. पुढे आपण तिच्याकडे पुन्हा वळणार आहोत.

६.२.२ मध्यम व्यवस्थापकाचे स्थान

मध्यम व्यवस्थापक म्हणजे संस्थेच्या सर्वोच्च धोरणकर्त्यांच्या खाली आणि पर्यवेक्षकांच्या वर असलेला अधिकारी. शाखाप्रमुख, विभागीय विक्री व्यवस्थापक, कारखान्यातील उत्पादन व्यवस्थापक ही त्याची उदाहरणे. धोरण वरून येते, अडचणी खालून येतात आणि दोहोंचा मेळ त्याला घालावा लागतो. आपल्याकडील बोलीत सांगायचे तर त्याची अवस्था 'इकडे आड, तिकडे विहीर' अशी असते. त्याचे यश आकड्यांत काही प्रमाणात दिसते, परंतु त्याची पुढील बढती मात्र वरिष्ठांच्या त्याच्याविषयीच्या विश्वासावर ठरते. खालच्या पदांवर 'काम येते काय?' हा प्रश्न असतो, तर मधल्या पदांवर 'हा माणूस आपल्यात बसेल काय?' हा प्रश्न हळूच पुढे येतो. वर्णभेदाचा प्रवेश नेमका या दुसऱ्या प्रश्नातून होतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा. हर्झबर्ग यांच्या मते पुढीलपैकी कोणता प्रेरक घटक आहे?
(१) वेतन (२) जबाबदारी (३) देखरेख (४) संस्थेचे धोरण

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा. लॉक यांच्या व्याख्येत 'मूल्यमापन' या शब्दाला महत्त्व का आहे?

६.२.३ ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९६४ पूर्वी सुशिक्षित कृष्णवर्णीयांना मोठ्या खाजगी कंपन्यांच्या व्यवस्थापनात जवळजवळ स्थान नव्हते. त्यांची कारकीर्द मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शाळा-महाविद्यालयांत, चर्चमध्ये, वृत्तपत्रांत, टपाल खात्यासारख्या सरकारी सेवांत किंवा स्वतःच्या समाजाने उभारलेल्या उद्योगांत घडत असे. डरहॅम येथे १८९८ मध्ये स्थापन झालेली 'नॉर्थ कॅरोलिना म्यूच्युअल' ही आयुर्विमा कंपनी अशा उद्योगांचे ठळक उदाहरण होय. या संस्थांची आर्थिक ताकद मर्यादित होती. तथापि तेथे काम करणाऱ्याला आपल्या पात्रतेविषयी रोज नव्याने खात्री पटवून द्यावी लागत नव्हती.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली. या कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वर्ण, वंश, धर्म, लिंग व राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. त्याच्या अंमलबजावणीसाठी समान रोजगार संधी आयोगाचे काम १९६५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी काढलेल्या ११२४६ क्रमांकाच्या कार्यकारी आदेशाने संघराज्य सरकारची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना सकारात्मक कृती करणे बंधनकारक केले. १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की, नोकरीसाठीची एखादी अट वरवर सर्वांना सारखी असली, तरी तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध नसेल आणि तिच्यामुळे कृष्णवर्णीय वगळले जात असतील, तर ती अवैध होय. १९७२ च्या दुरुस्तीने आयोगाला स्वतः न्यायालयात जाण्याचा अधिकार मिळाला.

कायद्याबरोबरच रस्त्यावरील असंतोषाचाही या बदलात वाटा होता. जुलै १९६४ मध्ये रॉचेस्टर शहरात दंगली झाल्या. हे शहर झेरॉक्स कंपनीचे माहेरघर. कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या भरतीकडे जाणीवपूर्वक लक्ष दिले. पुढे १९७० च्या सुमारास तेथील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी आपले संघटित गट उभारले. आज अनेक कंपन्यांत दिसणाऱ्या कर्मचारी गटांचा उगम यांत शोधला जातो.

अशा रीतीने कायद्याने दार उघडले. परंतु दार उघडणे आणि घरात सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६.२.४ प्रमुख अभ्यास व त्यांचे निष्कर्ष

*(१) एडवर्ड जोन्स यांचे अनुभवकथन :* दूरध्वनी उद्योगात व्यवस्थापक म्हणून काम केलेल्या जोन्स यांनी १९७३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात आपला अनुभव मांडला. पदाचे अधिकार कागदावर मिळाले, तरी अनौपचारिक वर्तुळाबाहेर राहिलेल्या माणसाला माहिती, सल्ला आणि इशारे वेळेवर मिळत नाहीत, हा त्यांच्या लेखाचा गाभा होता. १९८६ मध्ये त्यांनी याच विषयावर पुन्हा लिहिले. एव्हाना कृष्णवर्णीय व्यवस्थापकांची संख्या वाढली होती, पण शिखराकडे जाणारी वाट अडलेलीच होती.

*(२) ग्रीनहाउस, परासुरामन व वर्मली यांचे सर्वेक्षण :* १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन संस्थांमधील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय व्यवस्थापकांची तुलना करण्यात आली. कृष्णवर्णीय व्यवस्थापकांना आपण संस्थेत कमी स्वीकारले गेलो आहोत असे वाटत होते. कामात निर्णयाचे स्वातंत्र्य कमी असल्याचे त्यांनी सांगितले. वरिष्ठांकडून त्यांना मिळालेले कार्यमूल्यांकन कमी होते, त्यांची कारकीर्द एकाच पातळीवर थांबून राहण्याची शक्यता अधिक होती आणि कारकिर्दीविषयीचे त्यांचे समाधानही कमी होते. या निष्कर्षांचे मोल असे की, त्यांतून असमाधानाची साखळी दिसते. स्वीकार कमी, म्हणून स्वातंत्र्य कमी. स्वातंत्र्य कमी, म्हणून कर्तबगारी दाखविण्याची संधी कमी. संधी कमी, म्हणून मूल्यांकन व बढती कमी.

*(३) शॅरन कॉलिन्स यांचे संशोधन :* कॉलिन्स यांनी शिकागोतील मोठ्या कंपन्यांमधील ७६ उच्चपदस्थ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. अनेक अधिकाऱ्यांना कंपन्यांनी समाजसंपर्क, नागरी प्रश्न, सकारात्मक कृती अशा विभागांत नेमले होते. या पदांना प्रतिष्ठा होती, वेतन होते. पण नफ्यातोट्याची जबाबदारी नव्हती आणि कंपनीचे सर्वोच्च पद त्याच जबाबदारीच्या वाटेने मिळते. सरकारी दडपण सैल झाले तेव्हा या पदांची गरजही कमी झाली. कॉलिन्स यांनी अशा पदांना 'वर्णाधिष्ठित पदे' म्हटले. आज मिळालेला मान उद्याची वाट बंद करू शकतो, हे या संशोधनाने दाखवून दिले.

*(४) थॉमस व गॅबारो यांचा अभ्यास :* १९९९ च्या या अभ्यासाने उलट बाजूने प्रश्न विचारला. जे अल्पसंख्य अधिकारी शिखरापर्यंत पोहोचले, ते कसे पोहोचले? त्यांना असे आढळले की, गौरवर्णीय यशस्वी अधिकाऱ्यांची बढती आरंभीच वेगाने झाली होती, तर अल्पसंख्य अधिकारी मध्यम स्तरापर्यंत सावकाश पोहोचले आणि त्यानंतर त्यांचा वेग वाढला. आरंभीच्या संथ काळात त्यांनी एकाच क्षेत्रात खोल प्रावीण्य मिळविले. त्यांच्या पाठीशी केवळ सल्ला देणारे नव्हे, तर त्यांच्यासाठी शब्द टाकणारे वरिष्ठ होते. या वरिष्ठांत कृष्णवर्णीय व गौरवर्णीय असे दोन्ही प्रकारचे लोक होते.

झेरॉक्सच्या अर्सुला बर्न्स यांची कारकीर्द या निष्कर्षाचे उदाहरण म्हणून पाहता येते. यांत्रिकी अभियंता असलेल्या बर्न्स १९८० मध्ये उन्हाळी प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झाल्या. १९९० मध्ये एका ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या व १९९१ मध्ये कंपनीचे अध्यक्ष पॉल ॲलेअर यांच्या कार्यकारी साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांना संस्थेचा कारभार आतून पाहता आला. २००९ मध्ये त्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. इतक्या मोठ्या अमेरिकन कंपनीचे हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. गुणवत्ता त्यांच्यापाशी होतीच, पण ती पाहू शकणारा आणि तिला जागा देणारा वरिष्ठही भेटला, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) रिकाम्या जागा भरा.
(१) समान रोजगार संधी आयोगाचे काम ______ मध्ये सुरू झाले.
(२) प्रतिष्ठा आहे पण नफ्यातोट्याची जबाबदारी नाही, अशा पदांना कॉलिन्स यांनी ______ म्हटले.

(आ) चूक की बरोबर ते सांगा. थॉमस व गॅबारो यांच्या मते यशस्वी अल्पसंख्य अधिकाऱ्यांची बढती कारकिर्दीच्या आरंभीच अत्यंत वेगाने झाली होती.

६.२.५ समाधानाचे स्रोत

वरील अभ्यासांच्या आधारे कृष्णवर्णीय मध्यम व्यवस्थापकांच्या समाधानाचे पुढील स्रोत सांगता येतील.

*(१) निर्णयाचे खरे स्वातंत्र्य :* पद आहे, पण प्रत्येक निर्णय वर विचारावा लागतो, अशा स्थितीत पदाचे सुख टिकत नाही. विश्वासाने सोपविलेले अवघड काम हे या वर्गाला मिळणाऱ्या समाधानाचे मोठे साधन आहे, कारण त्या कामातूनच आपल्या क्षमतेविषयीची शंका दूर करता येते.

*(२) प्रामाणिक मूल्यांकन :* पक्षपाती टीका दुखावते हे उघड आहे. परंतु मोघम कौतुकही तितकेच घातक असते. आपल्यावर वर्णद्वेषाचा आरोप येईल या भीतीने काही वरिष्ठ चुका दाखवीतच नाहीत. मग सुधारण्याची संधी जाते आणि बढतीच्या वेळी मात्र त्याच चुका निर्णायक ठरतात. स्पष्ट, सकारण आणि वेळेवर दिलेला अभिप्राय हा आदराचाच एक प्रकार आहे.

*(३) पाठीराखा वरिष्ठ :* मार्गदर्शक आणि पाठीराखा यांत भेद केला पाहिजे. मार्गदर्शक आपल्याशी बोलतो, तर पाठीराखा आपण नसलेल्या बैठकीत आपल्याविषयी बोलतो.

*(४) मुख्य प्रवाहातील काम :* उत्पादन, विक्री, वित्त यांसारख्या विभागांतील जबाबदारीमुळे पुढील वाट मोकळी राहते. वाट मोकळी आहे ही जाणीव आजच्या कामालाही अर्थ देते.

*(५) मुखवट्याविना वावरण्याची मोकळीक :* डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये 'दुहेरी जाणीव' ही संकल्पना विस्ताराने मांडली. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेतूनही पाहावे लागणे, असा तिचा आशय आहे. बोलण्याची ढब, केसांची रचना, राग व्यक्त करण्याची पद्धत हे सारे तोलूनमापून करणाऱ्या व्यवस्थापकाची बरीच शक्ती कामाऐवजी या दक्षतेत खर्च होते. ही दक्षता जेथे कमी लागते, तेथे समाधान वाढते.

*(६) इतरांसाठी वाट करून देणे :* तरुण कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना घडविणे हा अनेकांच्या कामाचा अभिमानाचा भाग असतो. मात्र हे काम कोणाच्याही मूल्यांकनात मोजले गेले नाही, तर त्याच समाधानाचे ओझे होते.

६.२.६ 'एकटे'पणाचे ओझे

रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या औद्योगिक कंपनीच्या अभ्यासातून असे दाखविले की, गटात अत्यल्प संख्येने असलेल्या व्यक्तीच्या वाट्याला तीन गोष्टी येतात. तिच्याकडे सर्वांचे लक्ष राहते, तिच्यातील व इतरांतील फरक अतिशयोक्त केला जातो आणि तिला ठरावीक साच्यात बसविले जाते. कँटर यांचे विवेचन मुख्यतः स्त्रियांविषयी होते, परंतु ते कृष्णवर्णीय व्यवस्थापकांनाही लागू पडते. त्याची चूक त्याच्या समाजाची ठरते, यश मात्र अपवाद ठरते. कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत हे ओझे दोन्ही बाजूंनी येते. एला बेल व स्टेला न्कोमो यांच्या २००१ मधील तुलनात्मक अभ्यासाने कृष्णवर्णीय व गौरवर्णीय स्त्री व्यवस्थापकांचे अनुभव 'स्त्रिया' या एकाच नावाखाली मांडता येत नाहीत, हे स्पष्ट केले.

पुढील कल्पित उदाहरण पाहा. एका विमा कंपनीच्या दावे विभागात बारा व्यवस्थापक आहेत व त्यांत एकच कृष्णवर्णीय आहे. त्याचा विभाग सलग दोन वर्षे उत्तम ठरतो. वार्षिक अहवालात त्याचे छायाचित्र छापले जाते आणि भरती मेळाव्यांना कंपनी त्यालाच पाठविते. तिसऱ्या वर्षी विभागीय प्रमुखाची जागा रिकामी होते तेव्हा ती दुसऱ्याला मिळते. कारण असे सांगितले जाते की, 'वरिष्ठांना त्याची अधिक माहिती आहे.' ही माहिती शनिवारच्या गोल्फच्या मैदानावर झालेली असते. कोणीही त्याला अपशब्द वापरलेला नाही, कोणताही नियम मोडलेला नाही. तरीही घरी परतताना त्याच्या मनात जो प्रश्न येतो, तो त्याच्या गौरवर्णीय सहकाऱ्याच्या मनात येत नाही : 'मी कमी पडलो, की माझा वर्ण आड आला?' या प्रश्नाचे निश्चित उत्तर त्याला कधीच मिळत नाही. ही अनिश्चिततादेखील असमाधानाचे एक स्वतंत्र कारण आहे, हे आपण लक्षात घ्यावे.

६.२.७ सिद्धान्तांची फेरतपासणी

आता हर्झबर्ग यांच्या विभागणीकडे पुन्हा वळू. त्यांनी वरिष्ठांशी व सहकाऱ्यांशी असलेले संबंध 'आरोग्य घटकां'त ठेवले. म्हणजे संबंध चांगले असले तर तक्रार नाही, एवढेच. परंतु वर पाहिलेल्या उदाहरणात मान्यता, जबाबदारी आणि प्रगती हे तिन्ही प्रेरक घटक संबंधांच्या वाटेनेच येतात. ज्याला हे संबंध आपसूक मिळतात, त्याला ते हवेसारखे जाणवत नाहीत आणि ज्याला मिळत नाहीत, त्याचा श्वास तेथेच अडतो. म्हणून कृष्णवर्णीय व्यवस्थापकांच्या बाबतीत प्रेरक घटक व आरोग्य घटक यांच्यातील रेषा पुसट होते, असा निष्कर्ष काढता येतो.

स्टेसी ॲडम्स यांचा समन्याय सिद्धान्त येथे अधिक उपयोगी पडतो. आपण दिलेले श्रम व मिळालेले फळ यांचे प्रमाण माणूस इतरांच्या प्रमाणाशी ताडून पाहतो, असे हा सिद्धान्त सांगतो. कृष्णवर्णीय व्यवस्थापकाचे वेतन सहकाऱ्याइतकेच असले तरी त्या वेतनासाठी त्याला अधिक पुरावा, अधिक संयम आणि अधिक दक्षता द्यावी लागते. फळ समान, पण श्रम असमान, ही विषमता वेतनपत्रकावर दिसत नाही.

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. कृष्णवर्णीय व्यवस्थापकांना काही 'वेगळ्या' गोष्टी हव्या असतात, असे या अभ्यासांतून सिद्ध होत नाही. स्वातंत्र्य, न्याय, प्रगती व आपुलकी या सर्वांच्याच गरजा आहेत. वेगळ्या आहेत त्या या गरजा भागण्याच्या वाटा. गरज समान आणि वाट असमान, हे सूत्र या घटकाचे सार म्हणून ध्यानात ठेवावे.

सर्वेक्षणांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. सर्वेक्षण नोकरीत टिकलेल्यांचे होते. कंटाळून सोडून गेलेल्यांचा आवाज त्यात येत नाही. ज्याने अपेक्षाच कमी केल्या आहेत, तोही 'समाधानी' असे उत्तर देऊ शकतो. म्हणून समाधानाचा चांगला आकडा हा न्याय्य व्यवस्थेचा पुरावा मानता येत नाही.

६.२.८ अलीकडील घडामोडी

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर अनेक अमेरिकन कंपन्यांनी विविधता व समावेशन यांविषयीच्या घोषणा केल्या आणि नवी पदे निर्माण केली. पुढे वाऱ्याची दिशा बदलली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९६५ चा ११२४६ क्रमांकाचा आदेश रद्द केला. १९६४ चा कायदा मात्र अस्तित्वात आहे. कॉलिन्स यांनी शिकागोत जे पाहिले, त्याची येथे आठवण होते. राजकीय दडपणातून निर्माण झालेली पदे त्या दडपणाबरोबरच डळमळतात.

६.२.९ भारतीय संदर्भ : साम्य व भेद

अमेरिकेतील कृष्णवर्णीय व भारतातील दलित यांच्या अनुभवांची तुलना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

तथापि तुलना करताना भेदही सांगितले पाहिजेत. वर्ण डोळ्यांना दिसतो, तर जात आडनावातून, गावावरून, बोलीवरून शोधली जाते. भारतात संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक सेवांत आरक्षणाची तरतूद केली आणि १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी पदोन्नतीतील आरक्षणाला आधार दिला. अमेरिकेत अशी घटनात्मक तरतूद नाही, तर भारतातील खाजगी क्षेत्राला हे आरक्षण लागू नाही. आपल्याकडे बिंदुनामावली पद निश्चित करते. मात्र गोपनीय अहवालातील शेरा, बदलीचे ठिकाण, महत्त्वाच्या टेबलावरील नेमणूक आणि डबा उघडल्यावर शेजारी कोण बसते, हे कोणतीही नामावली ठरवीत नाही. या घटकातील विवेचन आपल्या परिस्थितीला लावून पाहायचे असेल, तर ते या जागी लावून पाहावे.

६.३ सारांश

कार्यसमाधान ही तुलनेतून निर्माण होणारी भावावस्था आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर अमेरिकेतील खाजगी उद्योगांच्या व्यवस्थापनात कृष्णवर्णीयांचा प्रवेश झाला, परंतु मध्यम स्तरावर त्यांची प्रगती अनौपचारिक संबंध, मूल्यांकन व नेमणुकांचे स्वरूप यांमुळे अडली. निर्णयाचे स्वातंत्र्य, प्रामाणिक अभिप्राय, पाठीराखा वरिष्ठ, मुख्य प्रवाहातील काम, मुखवट्याविना वावरण्याची मोकळीक आणि इतरांना घडविण्याची संधी हे त्यांच्या समाधानाचे मुख्य स्रोत होत. त्यांच्या गरजा इतरांसारख्याच आहेत, पण त्या भागण्याच्या वाटा समान नाहीत. म्हणून कार्यसमाधानाचा विचार न्यायाच्या विचारापासून वेगळा करता येत नाही.

६.४ पारिभाषिक शब्द

*सकारात्मक कृती :* पूर्वी वगळल्या गेलेल्या समूहांना संधी मिळावी म्हणून संस्थेने जाणीवपूर्वक केलेले प्रयत्न.
*आरोग्य घटक :* ज्यांच्या अभावी असमाधान निर्माण होते असे घटक.
*समन्याय :* श्रम व फळ यांच्या प्रमाणातील जाणवणारी न्याय्यता.
*दुहेरी जाणीव :* स्वतःकडे स्वतःच्या व प्रबळ समूहाच्या अशा दोन्ही नजरांतून पाहण्याची अवस्था.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

*प्रश्न १ :* (अ) (२) जबाबदारी. (आ) मिळालेले व मिळावयास हवे होते ते यांच्या तुलनेतून समाधान ठरते, म्हणून 'मूल्यमापन' या शब्दाला महत्त्व आहे.
*प्रश्न २ :* (अ) (१) १९६५ (२) वर्णाधिष्ठित पदे. (आ) चूक.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. कृष्णवर्णीय मध्यम व्यवस्थापकांच्या समाधानाचे स्रोत सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'गरज समान, वाट असमान' या सूत्राच्या आधारे हर्झबर्ग यांच्या द्विघटक सिद्धान्ताचे परीक्षण करा.
३. टिपा लिहा : (अ) वर्णाधिष्ठित पदे (आ) ग्रिग्ज खटला (इ) मार्गदर्शक व पाठीराखा.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिचयातील मध्यम स्तरावरील दोन अधिकाऱ्यांची भेट घ्या. मागील पाच वर्षांत कामातून मिळालेल्या समाधानाचा व निराशेचा प्रत्येकी एक प्रसंग त्यांना विचारा. प्रत्येक प्रसंगामागे काम, वेतन, बढती, वरिष्ठ व सहकारी यांपैकी कोणती बाजू होती, याची नोंद करा. भेटीचा वृत्तान्त लिहिताना संबंधितांची नावे व कार्यालये उघड करू नका.